अनुदान, अटी आणि आमची घरपट्टी

डिचोली तालुक्यातील एका अनुदानित मराठी विद्यालयात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातील शेवटची १२ वर्षे मुख्य लिपिक होते. अनुदान मंजुरीच्या आदेशाचा पहिला परिच्छेद सगळेच वाचतात, कारण त्यात रक्कम असते; खालच्या बारीक टायपातल्या अटी मात्र लिपिकालाच वाचाव्या लागतात, कारण ऑडिटच्या वेळी उत्तर तिच्याकडूनच मागितले जाते. एका वर्षी प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी एका योजनेतून पैसे आले. साहित्य आले, बिले जोडली, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा दाखला) वेळेत गेले, तरीही पुढचा हप्ता अडला. चौकशी केल्यावर कळले की योजनेच्या नावाची पाटी दर्शनी भिंतीवर लावल्याचा फोटो आम्ही जोडलेला नव्हता. परीक्षानळ्या आल्या की नाहीत, हे विचारायला कोणीही आले नाही. त्या दिवसापासून मी अटींची मनातल्या मनात दोन गटांत विभागणी करू लागले: दिलेल्या पैशाचे काय झाले हे विचारणाऱ्या अटी, आणि पैसे हातात असल्याची संधी साधून भलतेच काही मागणाऱ्या अटी.

गेली दोन-तीन वर्षे केंद्र आणि काही राज्ये यांच्यात निधीवरून जे भांडण चालले आहे, त्याच्या बातम्या वाचताना ही विभागणी मला पुन्हापुन्हा आठवते. आपल्याकडे, म्हणजे गोव्यात, त्या बातम्या परराज्यातले राजकारण म्हणून वाचल्या जातात. बाजारात चहा घेताना माझे एक माजी सहकारी म्हणाले, ‘‘बाई, तमिळनाडूचे लोक हिंदीला विरोध करतात म्हणून त्यांचे पैसे अडले, त्यात आपल्याला काय?’’ त्यांना तिथल्या तिथे नीटसे उत्तर देता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

समग्र शिक्षा ही योजना २०१८ साली सुरू झाली. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून ती तयार झाली. गोव्यासारख्या बहुतेक राज्यांत तिचा ६० टक्के खर्च केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये ‘पीएम श्री’ ही वेगळी योजना मंजूर झाली: देशभरातील १४,५०० निवडक शाळा आदर्श करायच्या, पाच वर्षांत २७,३६० कोटी रुपये खर्चायचे. मात्र तीत सामील होण्यासाठी राज्याने जो सामंजस्य करार करायचा, त्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० संपूर्णपणे लागू करण्याची हमी आहे. म्हणजे लाभ मोजक्या शाळांना आणि बांधिलकी मात्र सगळ्या राज्याची. तमिळनाडूने १९६८ पासून द्विभाषा सूत्र, म्हणजे शाळेत तमिळ आणि इंग्रजी, स्वीकारलेले आहे आणि या धोरणात तीन भाषांचे त्रिभाषा सूत्र आहे, त्यामुळे त्या राज्याने सही केली नाही. इथपर्यंत वावगे काही नाही, कारण योजना नको असेल तर तिचे पैसेही नकोत, हा व्यवहार सरळ आहे. पुढे झाले ते असे की २०२४-२५ चा समग्र शिक्षेचा निधीही, म्हणजे चालू असलेल्या दुसऱ्याच योजनेचे सुमारे २,१५१ कोटी रुपये, त्या राज्याला मिळाले नाहीत. मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजार कोटी दिले तरी हे धोरण स्वीकारणार नाही, असे जाहीर केले आणि मे महिन्यात राज्य सरकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १३१ खाली, म्हणजे केंद्र-राज्य वाद थेट नेता येतो त्या तरतुदीखाली, सर्वोच्च न्यायालयात गेले. व्याजासह २,२९१ कोटींची मागणी त्या दाव्यात आहे.

आता यात भाषेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. समग्र शिक्षेच्या पैशांतून कंत्राटी शिक्षकांचे पगार होतात, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक नेमले जातात, खाजगी शाळांत शिक्षणहक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर प्रवेश मिळालेल्या गरीब मुलांच्या शुल्काची भरपाई होते. यांपैकी कोणीही सामंजस्य करार नाकारलेला नव्हता. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शिक्षणहक्काखालील भरपाईची सांगड राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी घालण्याची गरज नाही, असे म्हटले ते याच कारणाने. माझ्या जुन्या विभागणीप्रमाणे ही अट दुसऱ्या गटातली आहे.

केरळची कहाणी मला अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यात वीरश्री कमी आणि संसार जास्त आहे. त्या राज्याने तीन वर्षे पीएम श्रीला नकार दिला. तिजोरीची ओढाताण वाढत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये शिक्षण खात्याने करारावर सही केली, तीही अशी की सत्तेतल्या मित्रपक्षाला, भाकपला, ती बातम्यांतून कळावी. भाकपने उघड विरोध केला आणि महिना संपण्यापूर्वी मंत्रिमंडळाने करार स्थगित ठेवून उपसमिती नेमली. सही करणारे आणि सही गोठवणारे सरकार एकच. ज्यांनी महिनाअखेरीला पगारपत्रक जुळवले आहे, त्यांना त्या शिक्षण खात्याची अवस्था समजेल. तत्त्व बरोबर असले तरी एक तारखेला पैसे लागतातच.

पाटीचा प्रश्नही केरळातच जास्त गाजला. तिथल्या ‘लाइफ’ योजनेत राज्य एका घरामागे ४ लाख रुपये देते. ज्या ग्रामीण घरांना प्रधानमंत्री आवास योजनेचा लाभ मिळतो, त्यांत केंद्राचा वाटा ७२ हजार असतो. त्या वाट्याबरोबर योजनेच्या नावाची पाटी घरावर लावायची अट आली, तेव्हा राज्याने सांगितले की घरावर अशी पाटी लावली तर आत राहणारा माणूस ते घर आपले न मानता दान मानेल. आरोग्य केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव देण्यावरूनही असाच वाद झाला. पाटीचे मला वैयक्तिक वाकडे आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तरीही ७२ हजार देणाऱ्याने चार लाखांच्या भिंतीवर नाव मागावे, हा हिशेब कोणत्याही लिपिकाला पटणार नाही.

याचा अर्थ केंद्राची प्रत्येक अट जुलमी असते असा नाही आणि पश्चिम बंगालचे उदाहरण त्यासाठी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मनरेगाच्या कामांत गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारींवरून केंद्राने कायद्याच्या कलम २७ चा आधार घेऊन मार्च २०२२ पासून त्या राज्याचा निधी थांबवला. खोटी हजेरीपत्रके, न झालेली कामे यांची चौकशी करणे हे केंद्राचे कामच आहे आणि ही अट माझ्या पहिल्या गटात बसते. पण तीन वर्षे उलटली तरी निधी बंदच राहिला. ज्याने खोटे हजेरीपत्रक लिहिले त्याच्याबरोबर ज्याने खरोखर माती उपसली तोही उपाशी राहिला. जून २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने १ ऑगस्टपासून योजना पुन्हा सुरू करण्यास सांगितले आणि गैरव्यवहार टाळण्यासाठी केंद्राला विशेष अटी घालण्याची मोकळीकही दिली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचे अपील फेटाळले. चौकशी करा, वसुली करा, कडक अटी घाला, पण योजना कायमची शीतपेटीत ठेवू नका, असा हा समतोल निकाल मला वाटतो.

हे सगळे होऊ शकते, याचे मूळ राज्यघटनेच्या दोन अनुच्छेदांतील फरकात आहे. अनुच्छेद २७५ खाली राज्यांना मिळणारी अनुदाने वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्र-राज्यांतील पैशांची वाटणी सुचवणाऱ्या घटनात्मक आयोगाच्या, शिफारशीवर चालतात. अनुच्छेद २८२ मात्र ‘संकीर्ण वित्तीय तरतुदी’ या मथळ्याखाली कोपऱ्यात बसलेला आहे. कोणत्याही सार्वजनिक प्रयोजनासाठी केंद्राला किंवा राज्याला अनुदान देता येईल, एवढेच तो म्हणतो. वाचताना वाटते की ही अडीअडचणीसाठी ठेवलेली खिडकी असावी, पण केंद्रपुरस्कृत योजनांचा सगळा गाडा याच खिडकीतून ये-जा करत आला आहे. खासदार निधीच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या अनुच्छेदाचा व्यापक अर्थ मान्य केला, त्यामुळे खिडकी रुंद झाली. शिक्षण हा विषय तर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या यादीत, गेला. त्याआधी केंद्राला राज्याच्या शाळांत शिरायचे तर अनुदानाच्या वाटेनेच शिरावे लागे. आता कायद्याचीही वाट आहे, पण अनुदानाची वाट सोपी, कारण तिथे संसदेत चर्चा लागत नाही. मार्गदर्शक सूचना एका परिपत्रकाने बदलता येतात.

चौदाव्या वित्त आयोगाने विभाज्य करांतील, म्हणजे केंद्राने राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांतील, राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला, तेव्हा अटींचे पैसे कमी होऊन बिनअटीचे वाढतील अशी आशा होती. २०१५ साली मुख्यमंत्र्यांच्या उपगटाने केंद्रपुरस्कृत योजनांची संख्या ६६ वरून ३० च्या आत आणण्याची शिफारस केली आणि त्याप्रमाणे अनेक योजना एकेका नावाखाली घेणाऱ्या २८ छत्र-योजना झाल्या. छत्र्या कमी झाल्या, काड्या तेवढ्याच राहिल्या. शिवाय उपकर आणि अधिभार यांचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, आणि केंद्राने वसुली त्या बाजूला सरकवली की विभाज्य करांचा घडा आपोआप लहान होतो.

आता माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे, ‘आपल्याला काय?’ पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रात गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के होता. राज्यांत वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांतून ३९ पैशांहूनही थोडे कमी. उत्तर प्रदेशाला त्याच १०० रुपयांतून १८ रुपयांच्या जवळपास मिळत होते. लोकसंख्या आणि गरिबी पाहता हे प्रमाण चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, पण एवढ्या लहान वाट्याच्या राज्याला मोठ्याने बोलायची सवय लागत नाही, हे खरे. आपण सही करून मोकळे होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची पायाभूत पातळी २०२३-२४ मध्ये आणि नववीचा वर्ग पुढच्या वर्षी, अशा क्रमाने गोवा त्या वाटेने निघालाही. धोरण चांगले की वाईट हा वेगळा विषय आहे आणि त्यातल्या मातृभाषेच्या आग्रहाचे मी स्वागतच करीन. पण ते आपण विचार करून स्वीकारले की हप्ता अडू नये म्हणून, हे आपल्यालाच सांगता येत नाही.

आणि घरपट्टी. मे २०२०, टाळेबंदीचे दिवस. राज्यांची मिळकत आटली होती आणि केंद्राने त्या वर्षापुरती कर्ज काढण्याची मर्यादा राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर नेली. त्या वाढीव दोन टक्क्यांपैकी एक टक्का मात्र चार सुधारणांशी जोडला होता, प्रत्येकीला पाव टक्का: एक देश एक रेशनकार्ड, उद्योगसुलभता, वीज वितरण आणि नागरी स्थानिक स्वराज्य संस्था. शेवटच्या सुधारणेत दोन गोष्टी करायच्या होत्या. मालमत्ता कराचे, म्हणजे आपल्या घरपट्टीचे, किमान दर त्या भागातील मालमत्ता व्यवहारांच्या सरकारी दरांशी सुसंगत ठेवून अधिसूचित करायचे, आणि पाणी, गटारे, सांडपाणी यांच्या शुल्काचे किमान दर प्रत्यक्ष खर्च लक्षात घेऊन ठरवायचे. जानेवारी २०२१ मध्ये ही सुधारणा पूर्ण करणारे गोवा हे सहावे राज्य ठरले आणि त्यापोटी आपल्याला बाजारातून २२३ कोटी रुपयांचे जादा कर्ज काढण्याची परवानगी मिळाली.

वाक्य पुन्हा वाचा. अनुदान नव्हे, कर्ज काढण्याची परवानगी. व्याज आपणच भरायचे, मुद्दल आपणच फेडायची, आणि त्या परवानगीच्या मोबदल्यात डिचोली, म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या घरांवरील कर कोणत्या दराच्या खाली जाऊ शकणार नाही याचे सूत्र बदलायचे. कदाचित ते सूत्र शहाणपणाचेही असेल. नगरपालिकांच्या तिजोऱ्या रिकाम्या असतात हे आम्हाला माहीत आहे. पण घरपट्टी हा घराघरांत बोलला जाणारा विषय असूनही, ती पावती हातात घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या एकाही माणसाला या व्यवहाराचा पत्ता नव्हता, आणि मी ३१ वर्षे अटी वाचलेली बाई असूनही मला तो दोन वर्षांनी, वेगळेच काही शोधताना, सापडला.

कर्जाला संमती देताना अट घालण्याचा अधिकार अनुच्छेद २९३ मधून येतो: राज्याकडे केंद्राचे कर्ज थकलेले असेल तर नवे कर्ज काढण्यास केंद्राची संमती लागते आणि ती सशर्त देता येते. या अधिकाराची कक्षा किती, हा प्रश्न केरळने डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयात नेला. १ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, पण मूळ प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला. केरळच्या आर्थिक शिस्तीबद्दल माझे मत फारसे बरे नाही. तरीही हा प्रश्न विचारल्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत, कारण त्याचे उत्तर पणजीलाही लागू होणार आहे.

अमेरिकेत हाच झगडा जुना आहे आणि त्यातला एक खटला गोव्याच्या वाचकांना गंमतीचा वाटेल. तिथे १९८४ च्या कायद्याने ठरवले की जे राज्य २१ वर्षांखालील व्यक्तींना दारू विकू देईल, त्याच्या महामार्ग निधीतील ५ टक्के कापले जातील. साउथ डकोटा राज्यात १९ वर्षांच्या मुलांना सौम्य बिअर मिळत होती, ते राज्य न्यायालयात गेले आणि १९८७ साली हरले. दारू पिऊन गाडी चालवणे आणि रस्ता यांचा संबंध आहे, शिवाय पाच टक्के म्हणजे जबरदस्ती नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले. (आपल्याकडे तेच २१ चे वय अबकारी कायद्यात आहे आणि कोणी पैसे न अडवताही आहे, ते किती पाळले जाते हे किनारपट्टीला विचारावे.) पुढे २०१२ मध्ये गरिबांच्या आरोग्य विम्याची मेडिकेड योजना वाढवण्यास जी राज्ये नकार देतील, त्यांचा त्या योजनेचा सध्याचाही सगळा निधी बंद करण्याची तरतूद न्यायालयासमोर आली, तेव्हा नऊपैकी सात न्यायमूर्तींनी ती घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तिला कानशिलावर रोखलेल्या बंदुकीची उपमा दिली. नव्या योजनेला नकार दिला म्हणून जुनीचे पैसे बंद, हे वाचताना मला तमिळनाडू आठवला. आपल्या न्यायालयांनी अशी रेषा अजून आखलेली नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी हा मजकूर एका मैत्रिणीला वाचायला दिला. ती बार्देशमधल्या एका डायोसेसन, म्हणजे चर्चच्या धर्मप्रांताच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि तिचे उत्तर गाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ती म्हणाली, ‘‘अगो, हे सगळे दिल्लीबद्दल लिहिलेस. नव्वद साली काय झाले ते लिहिणार नाहीस?’’

१९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना गोव्याने ठरवले की प्राथमिक पातळीवर सरकारी अनुदान मराठी, कोंकणी अशा भारतीय भाषांच्या माध्यमालाच मिळेल, इंग्रजीला मिळणार नाही. शाळा चालवण्यास मनाई नव्हती. फक्त पगाराचे पैसे मिळणार नव्हते. बहुतेक डायोसेसन शाळा कोंकणी माध्यमात गेल्या. माझी मैत्रीण एका उन्हाळ्याच्या सुट्टीत देवनागरी लिहायला शिकली, कारण तिची स्वतःची कोंकणी रोमी लिपीतली होती. २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन उभे राहिले, आणि त्याच्या अग्रभागी पुन्हा शशिकलाताईच होत्या. २०१२ नंतर पर्रीकर सरकारने अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे अनुदान चालू ठेवले आणि मंच आपल्याच सरकारवर उलटला. त्या आंदोलनाच्या एका सभेला मीही गेले होते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत व्हावे हे माझे मत आजही तेच आहे.

‘‘तेव्हा अनुदानाची अट तुला पहिल्या गटातली वाटली होती का दुसऱ्या?’’ तिने विचारले. मी म्हटले, माध्यम हा शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून पहिल्या. ती म्हणाली, त्रिभाषा सूत्राबद्दल दिल्लीतला लिपिकही हेच म्हणत असेल. मग तिने चहा ओतला आणि विषय तिच्या नातवाच्या शाळाप्रवेशाकडे वळला. तो इंग्रजी माध्यमात जाणार आहे, अनुदानित शाळेत.